तिसऱ्या खांबाआड

१

बुधवारी दुपारी पावणेदोन वाजता भाच्याने टेबलाचा खालचा खण उघडला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. खण रिकामा होता.

त्या खणात तळहातावर मावेल एवढी काळी हार्ड डिस्क असायची. ऑफिसात तिला सगळे 'डबी' म्हणत. डबीत 'रिंगण' या व्हिडिओ गेमचा शेवटचा टप्पा होता, आठ महिन्यांच्या मेहनतीचा. भाच्याने धडपडत संगणक चालू केला. तिथली प्रतही पुसलेली. फोल्डर जागच्या जागी, आत ठणठणाट.

"मावशी!" त्याने अशी हाक मारली की पलीकडच्या खोलीत डबा धुऊन पुसत बसलेली मावशी फडकं हातात घेऊनच आली.

मावशी म्हणजे त्याची सख्खी मावशी, पण ऑफिसात ती सगळ्यांचीच मावशी होती. सव्वीस वर्षं तिने एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. छापखाना बंद पडला तेव्हा भाचा म्हणाला होता, "मावशी, तुला चुका शोधायची सवय आहे आणि आमच्याकडे चुकांचा सुकाळ आहे. ये." ती आली. पहिल्या आठवड्यात गेम खेळून तपासताना पडद्यावरचा तिचा गडी नुसता भिंतीवर डोकं आपटत होता. आता तीन वर्षांनी तिच्या नजरेतून एकही चूक सुटत नव्हती.

'रिंगण' ही हजारो वर्षांपूर्वीच्या एका गुलामाची गोष्ट. दिवसा त्याने भरलेल्या मैदानात ढाल-तलवार घेऊन जिवावरच्या झुंजी लढायच्या आणि अंधार पडला की पहारेकऱ्यांच्या नजरा चुकवत, सावलीसावलीने सरकत, शहराबाहेरची वाट शोधायची. शेवटच्या टप्प्यात त्याला मैदानात त्याच्याच म्हाताऱ्या गुरूसमोर उभं करतात. हा टप्पा बघायला शुक्रवारी सकाळी गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीची दोन माणसं येणार होती. त्यांना फक्त तेवढंच बघायचं होतं. तेच नाही म्हटल्यावर सहा जणांचं हे बिऱ्हाड उठल्यातच जमा.

"दुसरीकडे कुठे प्रत नाही?" मावशीने विचारलं.

"नाही. मागच्या गेमचा शेवट कुणीतरी बाहेर फोडला होता ना? म्हणून या वेळी एक डबीत, एक माझ्या संगणकात. बास."

"म्हणजे दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकायला गेलास आणि वाटीच सांडलीस. खण शेवटचा कधी पाहिला होतास?"

"एक वाजता, खाली जायच्या आधी. डबी होती. पाऊण तास मी खाली होतो."

"किल्ली?"

भाच्याने दारामागच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. किल्ली तिथेच लटकत होती, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. संगणकाचा पासवर्ड एका कागदावर लिहून पडद्यालाच चिकटवलेला होता.

"खिडक्या सताड उघड्या टाकून दाराला कुलूप लावण्यातला प्रकार," मावशी म्हणाली. "असो. वस्तू नाहीशी होत नसते रे, जागा बदलते. शोधू."

"शोधायचं काय त्यात?" भाच्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "हे प्रिंटरवर राहिलं होतं. कोड्याला दुसऱ्या मोठ्या कंपनीने बोलावलंय. जाता जाता आपला गळा कापून गेला तो. आत्ताच्या आत्ता बाहेर काढतो त्याला!"

२

कोड्या म्हणजे प्रोग्रामर. कोड लिहितो आणि कोड्यात बोलतो म्हणून कोड्या. मावशीने भाच्याकडून पाच वाजेपर्यंतची मुदत मागून घेतली आणि कोड्याला खिडकीपाशी गाठलं.

"पत्र आलंय," तो लगेच म्हणाला. "लपवणार नव्हतो, शुक्रवार झाल्यावर सांगणार होतो. दुपारी जिन्यात उभा राहून त्यांच्याशीच बोलत होतो. खालच्या फरशीवाल्याला विचारा, तो तीनदा मला म्हणाला, हळू बोल."

"आणि शेवटचा टप्पा?"

"मावशी, मला 'रिंगण' बुडवायचं असतं तर मी डबी कशाला चोरेन? एका ओळीत एक आकडा बदलला असता. शुक्रवारी पाहुण्यांसमोर सगळे पहारेकरी उलटे चालायला लागले असते आणि तुम्ही महिनाभर कारण शोधत बसला असता."

यात खोटं काही नव्हतं. ज्याच्या हातात सुई आहे तो कुऱ्हाड कशाला उचलेल?

"काल मी सांगितलेली दुरुस्ती केलीस?" मावशीने सहज विचारलं.

"धान्यकोठारातली? केली की. तो ढेरपोट्या पहारेकरी सारखा भिंतीत अडकतो म्हणालात, मग संध्याकाळी त्याला काढूनच टाकला. आता त्या अंगणात दोनच पहारेकरी. तुमच्याशिवाय कुणाला अजून पत्ताही नसेल."

मावशीने मान डोलावली. सुधारणा झाली की तिच्या वहीत त्या ओळीवर बरोबरची खूण व्हायची. आज ती करायची राहिली होती.

फरशीवाल्याने कोड्याचं म्हणणं खरं केलं. "एकपासून दीडच्या पुढेपर्यंत इथेच केकाटत होता. आमचं गिऱ्हाईक पळालं."

भाच्याचा पहिला संशयित जिन्यातच निसटला होता. पण मग उरलेल्या तिघांपैकी एक जण चोर होता, मावशीच्या डोळ्यांसमोरच वावरत होता, आणि तिने त्याला अजून ओळखलं नव्हतं.

३

चित्रं काढणाऱ्या मुलीला सगळे रंगारीण म्हणत. तिची बोटं कायम निळी आणि जीभ कायम तिखट.

"मी गेले होते भाचेसाहेबांच्या खोलीत," ती म्हणाली. "सव्वाएकला. टेबलावर चित्र ठेवलं आणि आले. खणाकडे पाहिलंसुद्धा नाही. संशय घ्यायचा तर खुशाल घ्या, कारण तो शेवट मला मुळीच आवडत नाही."

"का गं?"

"सोमवारची मीटिंग आठवते ना? आधी तो म्हातारा गुरू पडायचा, डोळे मिटायचा, संपलं. आता साहेबांना वाटतं, तेवढ्याने लोकांना मजा येणार नाही. पडलेल्या म्हाताऱ्याला खेळणाऱ्याने लाथा मारत मैदानभर रांगवायचं, आणि मग मारायचं. मला म्हणाले, रक्ताचा माग रंगव. रंगवताना तीनदा कुंचला खाली ठेवला मी. पण चोरी? मी तोंडावर भांडते, मावशी. पाठीमागून काही करायला वेळ कुणाला आहे?"

मावशी हसली. भांडकुदळ माणसाचा एक फायदा असतो, त्याच्या पोटात काही शिल्लक राहत नाही.

आवाजाचं काम बघणारा भोंगा मात्र खुशीत होता. चोरीची बातमी कानावर जाऊनही त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान हटलं नव्हतं. एका परातीत वाळू भरून, हातात जुनी चप्पल घेऊन तो सव्वाएक ते पावणेदोन मैदानातल्या पावलांचे आवाज रेकॉर्ड करत बसला होता.

"ऐका मावशी, ऐका!" त्याने हेडफोन तिच्या कानावर चढवले. वाळूवरची सावकाश, दबकी पावलं. मधे गाढ शांतता. "तीन आठवडे हेच मिळवायला मरत होतो. ही मधली भिंत म्हणजे पुठ्ठा आहे नुसता. पलीकडे कुणी खेळायला बसलं की बटणांची खटखट माझ्या पावलांत मिसळते. आज पहिल्यांदा स्वच्छ मिळालं."

मावशीने हेडफोन काढले, पुन्हा लावले, आणि ते रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं.

भिंतीपलीकडे खेळायची खोली होती. त्या खोलीतून भाच्याच्या खोलीत जायला आतून एक दार होतं. पण त्या खोलीत तर पैलवान होता. त्याला दुपारभर सगळ्यांनी पाहिलं होतं.

४

पैलवान कुस्तीतला नव्हे. तो नाटका-सिनेमांत मारामाऱ्या करून दाखवणारा, दाराच्या चौकटीत जेमतेम मावणारा आणि बोलायला एखाद्या पोरीसारखा लाजाळू. अंगाला तारा आणि हालचाली टिपणारी बटणं लावून तो ज्या उड्या मारायचा, त्याच उड्या गेममधला गुलाम मारायचा. म्हाताऱ्या गुरूच्या हालचाली त्याच्या थोरल्या भावाने दिल्या होत्या. तोच पैलवानाचा खरा गुरू. पाच महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका कामावर तो थोरला मचाणावरून पडला आणि कमरेखाली लुळा पडला. तेव्हापासून तो खुर्चीत होता.

"दुपारी कुठे होतास रे?" मावशीने विचारलं.

"इथेच. खेळत होतो. कोठाराचा टप्पा." त्याची नजर टेबलावर होती. "काचेतून दिसलो असेन की सगळ्यांना."

दिसला होता. म्हणजे काचेतून उंच पाठीची खुर्ची दिसली होती, खुर्चीवर त्याचं जाकीट, आणि पुढे पडद्यावर चालू असलेला खेळ. दीडच्या सुमाराला डबा धुवायला जाताना मावशीनेही पाहिलं होतं: गुलाम कोठाराच्या अंगणात तिसऱ्या खांबाआड अंग चोरून उभा होता. चांगला पाच-सात आकडे मोजेपर्यंत थांबला आणि मग पुढे सटकला.

"दादा कसा आहे?" तिने विचारलं.

"बराय." पैलवान वळून जाकिटाची घडी घालू लागला.

मावशी त्याच्या खुर्चीत बसली. त्याच्यासमोरच तिने कोठाराचा टप्पा सुरू केला आणि आपल्या गुलामाला भिंतीकडेने अंगणात आणलं. पहिला खांब. दुसरा खांब. तिसरा खांब.

तिथे ती थांबली. समोर मोकळं अंगण पसरलं होतं. दोन पहारेकरी लांब, दोघांच्याही पाठी. घाबरावं असं चिटपाखरूही तिथे नव्हतं.

तिने हातातलं खेळायचं यंत्र खाली ठेवलं.

"सगळ्यांना इकडे बोलाव," ती पैलवानाला म्हणाली. "पाच वाजायला आले."

५

सगळे जमले. भाचा हाताची घडी घालून कोड्याकडे बघत होता, कोड्या छताकडे.

"मी छापखान्यात शिकले ते एवढंच," मावशी म्हणाली. "एकच चूक दोन पानांवर तंतोतंत सारखी दिसली, तर ती दोनदा झालेली नसते. अक्षरांचे खिळे एकदाच जुळवलेले असतात, छापलं दोनदा जातं. आता मी काय पाहिलं ते सांगते. आज दीड वाजता या पडद्यावरचा गुलाम तिसऱ्या खांबाआड थांबला होता. कोड्या, तिथे का थांबावं लागतं?"

"ढेरपोट्या समोरून जातो म्हणून. पण तो..." कोड्याचा आवाज अडखळला. "तो कालपासून नाहीच."

"नाही ना? मग डोळे उघडे ठेवून खेळणारा माणूस कुणाची वाट बघत होता? ज्याला पडदा दिसतो तो नसलेल्या पहारेकऱ्यासाठी थांबत नाही. थांबतो तो जुना खेळ. मला चूक दाखवता यावी म्हणून कोड्याने एक सोय केली आहे, आधी खेळलेला खेळ तसाच्या तसा पुन्हा चालवायची. कालच्या दुरुस्तीआधी खेळलेला खेळ आज पुन्हा लावला होता. बोटं जुनी होती, खुर्ची रिकामी होती."

"कशावरून रिकामी?" भाच्याने विचारलं.

"भोंग्याच्या वाळूवरून. या खोलीत कुणी बटणं दाबली की पलीकडे ऐकू येतात. आज तीस मिनिटांत एकही खट्ट नाही. पडद्यावर गुलाम धावतोय, लढतोय, आणि बटणं मुकी. आता एवढंच ठरवायचं राहतं की इथून उठून आतल्या दाराने कोण गेलं. खोलीत होता एकच माणूस. आणि ती सोय कशी वापरायची हे त्याला मीच शिकवलं होतं."

पैलवान भिंतीला टेकला. एवढा मोठा देह, पण क्षणात लहान झाल्यासारखा वाटला.

"तू?" भाचा त्याच्याकडे वळला. "अरे, तुझी स्वतःची मेहनत आहे त्यात!"

"डबी फोडलीस का रे?" मावशीने विचारलं, आणि त्याने उत्तर द्यायच्या आत स्वतःच मान हलवली. "नाही. संगणकातलं पुसलंस, पण डबी तू फोडणार नाहीस. तुझ्या दादाची चाल आहे तिच्यात. त्याचे पाय आता आणखी कुठेच चालत नाहीत."

पैलवानाने तोंड ओंजळीत झाकलं. "तो पडतो तिथपर्यंत ठीक होतं, मावशी. पडणं आमचा धंदाच आहे. पण त्याला रांगवायचं? आता, तो खरंच तसा असताना? आणि ते रांगणं मी करून द्यायचं?"

"मला येऊन बोलायचंस ना!" भाचा ओरडला.

"बोललो होतो. सोमवारी, मीटिंगनंतर. तुम्ही फोनवर होतात. म्हणालात, नंतर बघू."

भाच्याने हाताची घडी सोडली. त्याला आठवलं असावं.

"चोरी ती चोरीच," मावशी म्हणाली. "पण मुद्रितात चूक सापडली म्हणजे दर वेळी ती खिळे जुळवणाऱ्याचीच असते असं नाही. कधी कधी लेखकाचीही असते. आता आधी कोड्याची माफी माग, मग पुढचं बोलू. डबी कुठे आहे?"

पैलवानाने हात खाली घेतले. "माझ्याकडे नाही. चहाच्या निमित्ताने मघाशीच जाऊन दादाकडे देऊन आलो."

६

गुरुवारी सकाळी आठ वाजता मावशी, भाचा आणि पैलवान थोरल्याच्या घरी पोचले. दार वहिनीने उघडलं आणि आतल्या खोलीकडे हात केला.

थोरला चाकांच्या खुर्चीत टीव्हीसमोर बसला होता. डबी लॅपटॉपमधून टीव्हीला जोडलेली होती आणि पडद्यावर म्हातारा गुरू वाळूत पाय रोवून उभा होता.

"या," तो वळून न बघता म्हणाला. "काल दुपारपासून हेच बघतोय. या शहाण्याने आणून दिली, म्हणाला ऑफिसातून भेट आहे. भेट आणणारा माणूस घामाघूम होत नाही." मग भाच्याकडे वळून म्हणाला, "मालक, तुमच्या म्हाताऱ्याचा डावा खांदा पडताना चुकलाय. माझीच चूक. पुन्हा करायला हवं होतं."

भाचा खाली बघत पुटपुटला, "दादा, ते रांगण्याचं... माझ्या डोक्यातच आलं नाही."

"ऐकलं मी ते, रात्री सगळं ओकला हा." थोरल्याने भावाकडे पाहिलं. "मला वाईट वाटेल म्हणून चोरी केलीस? गाढवा, मला वाईट कशाचं वाटलं सांगू? एवढा मुरलेला लढवय्या आणि त्याचा शेवट इतका बिनडोक! तीस वर्षं मैदानात काढलेला माणूस मार खाऊन मरेल होय? अरे, आपण दोघं आयुष्यभर काय करत आलो?"

"खोटं मरत आलो," पैलवान हळूच म्हणाला.

"मग? हे दोघंही गुरु-शिष्यच ना? त्यांना नाही का जमणार?"

सगळ्यांत आधी मावशीच्या लक्षात आलं.

"म्हणजे झुंजच खोटी," ती म्हणाली. "भर मैदानात, हजारो लोकांदेखत. गुरूने मेल्याचं सोंग घ्यायचं, आणि शिष्याने त्याला खांद्यावर टाकून मुडद्यांच्या दारातून बाहेर न्यायचं!"

"ते दार कुणी राखत नाही, ताई. मेलेला माणूस कुठे पळतोय?"

भाचा खाटेच्या कडेवर मटकन बसला. आठ महिने गेममध्ये लढणं वेगळं आणि लपणं वेगळं चाललं होतं. शेवटी लढणं हेच लपणं होणार होतं. त्याने लगेच कोड्याला फोन लावला.

"पहारेकऱ्यांना जशी संशयी नजर दिली आहेस, तशी प्रेक्षकांना देता येईल? वार फार हळू झाला की त्यांना संशय यायला हवा, फार जोरात झाला की म्हातारा खरंच मरायला हवा."

"चार ओळींचं काम आहे," कोड्या म्हणाला.

त्या चार ओळींना संध्याकाळचे सात वाजले. तोवर रंगारिणीने रक्ताचा माग पुसून कमानीचं काळोखं दार रंगवलं आणि भोंग्याने ओझं घेऊन चालणारी पावलं वाळूत उमटवली. पैलवानाने तारा लावून वाळूचं पोतं अकरा वेळा खांद्यावर घेतलं, आणि फोनच्या पडद्यातून थोरला प्रत्येक वेळी ओरडत राहिला, "माणूस उचलतोयस, पोतं नव्हे! पुन्हा!"

७

शुक्रवारी सकाळी दोन पाहुणे आले. चष्मेवाली बाई खेळायला बसली, तिचा सहकारी मागे उभा राहिला.

पहिल्या खेपेला तिने म्हाताऱ्याला फार जपून मारलं. प्रेक्षकांत कुजबूज उठली, कुणीतरी 'फसवताहेत!' म्हणून ओरडलं आणि सैनिक मैदानात उतरले. दुसऱ्या खेपेला वार जोरात बसला. म्हातारा पडला तो उठलाच नाही. बाईने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

तिसऱ्या खेपेला ती खुर्चीच्या टोकावर आली होती. वार, ढाल, वार, आणि शेवटचा घाव बरोबर मापात. म्हातारा कोसळला. मैदान गर्जलं. गुलामाने त्याला खांद्यावर घेतलं आणि एकेक पाऊल टाकत, हजारो डोळ्यांसमोरून तो त्या काळोख्या दारात शिरला. दाराआड गर्दीचा आवाज मंदावला, आणि खांद्यावरच्या म्हाताऱ्याने एक डोळा उघडून विचारलं, "पोरा, दमलास?"

बाईने हातातलं खेळायचं यंत्र अलगद टेबलावर ठेवलं.

"हा शेवट कुणाला सुचला?" तिने विचारलं.

भाच्याने क्षणाचाही विलंब न लावता थोरल्याचं नाव सांगितलं. त्याची चाल, त्याचं पडणं, त्याची युक्ती. डबीची भानगड तेवढी सांगितली नाही. ती घरातली गोष्ट होती.

पाहुण्यांनी 'रिंगण' घेतलं. वर एक अट घातली: पुढच्या भागातल्या सगळ्या झुंजी त्याच माणसाने बसवून द्यायच्या. कोड्या महिनाभराने ठरल्याप्रमाणे मोठ्या कंपनीत गेला, पण जाण्याआधी सगळ्या फाइलींच्या तीन प्रती ठेवायची शिस्त लावून गेला. पैलवानाला भाच्याने कामावर ठेवलं. दोघांत आठवडाभर अवघडलेपण होतं, मग एका सकाळी दोघं एकाच डब्यातून खाताना दिसले आणि मावशीने तो विषय कायमचा मिटवला.

पण हे सगळं नंतरचं. त्या शुक्रवारी पाहुणे जिना उतरले, तसा पैलवानाने फोन लावला आणि आवाज मोठा केला. सगळे भोवती गोळा झाले. त्याने अट सांगितली तेव्हा पलीकडून खुर्चीच्या चाकांची करकर तेवढी आली. पैलवान घाबरला.

"दादा? ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," थोरला म्हणाला. "तुमच्या इमारतीला लिफ्ट आहे का?"

"नाही. पण मी आहे ना."

"मग सोमवारी नऊला न्यायला ये. आणि मालकांना सांग, मला उशिरा येणारी माणसं चालत नाहीत."